उत्तर तुमच्या दादांना दिलं आहे

३ फेब्रुवारी

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. फोन उचलला होता, पण परत ठेवला. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला सगळी वाक्यं पुरी करायची आहेत.

माझ्या एम.ए.बद्दल तू नेहमी विचारतोस तो प्रश्न म्हणजे, ‘अजून किती दिवस?’ काय शिकतेस, हे कधी विचारलं नाहीस, म्हणून आज न विचारता सांगते. दिवसभर विवाह नोंदणीच्या कचेरीत खिडकीमागे बसायचं आणि संध्याकाळी विद्यापीठात जाऊन पाश्चात्त्य राजकीय विचारांचा इतिहास शिकायचा, असं माझं चाललं आहे. पहिल्या वर्षाचे पेपर झाले. हे वर्ष प्रबंधाचं. माझा विषय ‘संमती’. राज्य हे देवाच्या आज्ञेवर नाही, लोकांच्या संमतीवर उभं असतं, ही कल्पना इंग्लंडात सतराव्या शतकात जोर धरू लागली. ती कुणी घडवली, हे मी शोधते आहे.

दोन प्रकरणं मोठमोठ्या ग्रंथकारांवर आहेत. तिसरं प्रकरण बायकांवर आहे. तिथल्या यादवी युद्धाच्या काळात शेकडो साध्या बायका संसदेच्या दारात अर्ज घेऊन गेल्या. आमच्या माणसांना कोणत्या कायद्यानं तुरुंगात टाकलंत, हे त्यांना विचारायचं होतं. या राज्यात आमचाही वाटा आहे, असं त्या म्हणत होत्या. त्यांना दारातून निरोप मिळाला की हा विषय तुमच्या समजेपलीकडचा आहे, उत्तर तुमच्या नवऱ्यांना दिलेलं आहे, घरी जा आणि आपली कामं बघा. माझं म्हणणं एवढंच, की संमतीची कल्पना घडवण्यात या बायकांचाही हात आहे.

काल विभागप्रमुखांनी प्रबंध परत दिला. विद्यार्थी त्यांना ‘सार्वभौम’ म्हणतात, कारण त्यांच्यावर कुणाकडे अपील करता येत नाही. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तांबड्या शाईची एक तिरपी रेघ. वर्गातली सगळी मुलं समोर बसलेली.

“हा राजकीय विचार नाही,” ते म्हणाले. “ही गर्दी आहे. विचारवंत ग्रंथ लिहितो. या बायकांनी अर्ज लिहिले.”

“सर, अर्जातही युक्तिवाद आहे.”

“तुम्ही अर्जांच्या खिडकीत बसता, म्हणून तुम्हाला अर्ज मोठे वाटतात.”

मुलं हसली. माझ्या लेकरांच्या वयाची मुलं, लेकरं असती तर. मग ते म्हणाले, “आणि नवऱ्यांविषयी एवढं लिहायचं, तर निदान एक नवरा करून बघायचा.” यावर मुलं हसली नाहीत, एवढं त्यांच्या बाजूनं सांगते.

माझ्या मार्गदर्शक बाई शेजारीच बसल्या होत्या. बाहेर जिन्यात आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, “मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे.” मी म्हटलं, “मग आत का नव्हतात?” त्यांची नोकरी कंत्राटी आहे. दर वर्षी सार्वभौमांची सही झाली तर पुढचं वर्ष. काय बोलणार त्या, आणि मी तरी त्यांना काय बोलणार.

प्रकरण काढलं तरच प्रबंध परीक्षकाकडे जाईल, असं सार्वभौमांनी सांगितलं आहे. मार्चअखेर मुदत आहे. मी विद्याशाखेच्या समितीकडे तक्रार करणार आहे. रात्री कपबशी विसळताना कपाचा कान तुटून हातात आला, इतकी मी चिडले आहे. तुला कळवावंसं वाटलं, म्हणून कळवलं. बाकी ठीक.

तुझी
बेबी

११ फेब्रुवारी

बेबी,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. तुझा राग मला समजतो, पण तो तुझ्या उपयोगाचा नाही.

कारखान्यात कामगार अधिकारी म्हणून मी उभा जन्म काढला. संप आला, टाळेबंदी आली, दोन्ही बाजू एकमेकांची तोंडं बघायला तयार नाहीत अशी वेळ आली, पण असा एकही तंटा नव्हता जो मी मिटवला नाही. त्याचं गुपित सांगतो. मागणारा नेहमी तीन गोष्टी मागतो आणि त्याला हवी असते एकच. तुला काय हवं आहे? पदवी. मग दोन प्रकरणांवर मिळत असेल तर तिसऱ्यासाठी कशाला अडून बसायचं? ते प्रकरण काही जळून जात नाही. पदवी घे, मग हवं तर छापून घे कुठेतरी.

तुझे विभागप्रमुख कॉलेजात असताना माझ्याच वसतिगृहात होते, माझ्या मागे दोन वर्षं. तेव्हाही कुणी उलट बोललं की कान लाल व्हायचे. पण माणूस मनाचा वाईट नाही. गोडीनं घेतलं तर ऐकतो. ते नवऱ्याबद्दल बोलले ते मात्र योग्य नाही. ते मी माझ्या पद्धतीनं बघीन.

समितीबिमिती करू नकोस. समितीपुढे गेलेला माणूस जिंकला तरी लोकांच्या लक्षात राहतो तो भांडखोर म्हणूनच. तुला अजून कचेरीत नोकरी करायची आहे. शांत राहा. सगळं नीट मार्गी लागेल, त्याची काळजी तू करू नकोस.

तुझ्या वहिनीचंही हेच मत आहे. तिचा नमस्कार.

दादा

२० फेब्रुवारी

दादा,

मला वाटलं होतं तू रागावशील. रागावला नाहीस, सल्ला दिलास, तेही बरंच म्हणायचं. ‘मार्गी लागेल’ असं लिहिलंस, ते वाचून जरा धीर आला. तक्रार मात्र मी दिली. सुनावणी चार मार्चला आहे.

तू विचारलंस, काय हवं आहे. पदवी हवी असती तर मी घरून करता येणारा एखादा सोपा विषय घेतला असता. परवा कचेरीत काय झालं ते सांगते, म्हणजे कळेल.

एक जोडपं आलं होतं. मुलीबरोबर तिचा मोठा भाऊ. मी नेहमीप्रमाणे मुलीला विचारलं, “हे लग्न तुम्ही स्वतःच्या इच्छेनं करताय ना?” तिच्या मागून भाऊ म्हणाला, “हो, हो. तिची संमती आहे. लिहा तुम्ही.” मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “मी त्यांना विचारलं.” मागे रांग होती, कुणीतरी खाकरलं. मुलीनं भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ‘हो’ म्हणाली. मी शिक्का मारला. नियमाप्रमाणे सगळं झालं. पण तिनं आधी भावाकडे बघितलं, ते काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

माझ्या पहिल्या दोन प्रकरणांतले थोर पुरुष काय म्हणतात माहीत आहे? तुम्ही राज्याच्या रस्त्यावरून नुसते चाललात तरी तुम्ही त्या राज्याला संमती दिलीत. तोंडानं काही बोलायची गरज नाही. बायकोनं नवऱ्याचं ऐकायचं ते कशावरून, तर लग्न करताना ती ‘हो’ म्हणाली होती म्हणून. आता त्या कराराची कलमं तिनं लिहिलेली नाहीत, बदलायची तिला मुभा नाही, त्यात तिच्या वाट्याला आलेला शब्द एकच, ‘हो’. त्याला करार म्हणायचं का, एवढं मी विचारते आहे. ज्या बायका संसदेच्या दारात उभ्या राहून ‘आम्हाला विचारा’ म्हणाल्या, त्यांना वगळून मी या विषयावर लिहिलं, तर मी त्या भावापेक्षा वेगळं काय केलं?

म्हणून प्रकरण काढणार नाही. मुद्दे लिहून काढते आहे. आमच्या बाई लपूनछपून का होईना, पुस्तकं आणून देतात.

बेबी

२६ फेब्रुवारी

बेबी,

घाईत लिहितो आहे. तू सुनावणीला गेली नाहीस तरी चालेल, असं माझं मत. त्याची गरज पडणार नाही. गेलीसच तर कमी बोल. तब्येत सांभाळ.

दादा

६ मार्च

दादा,

नमस्कार लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

‘गरज पडणार नाही’ हे तुझं वाक्य मी आशीर्वाद म्हणून वाचलं. मला वाटलं, दादाला माझ्या मुद्द्यांची खात्री आहे. मी एवढी मूर्ख आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

सुनावणी अधिष्ठात्यांच्या खोलीत होती. लांब टेबल, पलीकडे अधिष्ठाते, एक गणिताचे प्राध्यापक, ते सारखे घड्याळ बघत होते, आणि कायदा शिकवणाऱ्या एक बाई. सार्वभौम खिडकीपाशी, पाय लांब करून. मी कागद नीट लावले आणि पहिला मुद्दा सुरू केला. चार ओळी झाल्या नसतील, सार्वभौमांनी हात वर केला.

“हे सगळं ऐकायची आवश्यकता नाही,” ते म्हणाले. “हा विषय मिटलेला आहे. यांच्या थोरल्या बंधूंचा मला गेल्या महिन्यात फोन आला होता. आमची जुनी ओळख. अतिशय समंजस गृहस्थ. तिसरं प्रकरण काढायला या तयार आहेत, असं त्यांनी सांगितलं, मी ते मान्य केलं. उत्तर यांच्या दादांना दिलं आहे.”

उत्तर यांच्या दादांना दिलं आहे. दादा, मी त्या वाक्यावर चाळीस पानं लिहिली आहेत. ते वाक्य त्या माणसानं वाचलं आहे, त्यावर तांबडी रेघ मारली आहे, आणि तरी ते त्याच्या तोंडून, नवऱ्यांच्या जागी दादा घालून, जसंच्या तसं बाहेर पडलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

अधिष्ठात्यांचा चेहरा उजळला. भांडण नाही म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही. “छान झालं,” म्हणत त्यांनी फाइल मिटली.

मी म्हटलं, “मी तयार नाही. मी कधीच तयार नव्हते.”

“अहो, तुमचे बंधू खोटं कशाला बोलतील?”

यावर मी काय बोलायचं होतं? माझा भाऊ खोटं बोलला म्हणू? इतक्या दिवसांचे मुद्दे, सगळे हातात कागदावर, आणि मी शाळेतल्या पोरीसारखी उभी. शेवटी त्या कायद्याच्या बाईंनी मान वर केली. “यांचं वय काय?” त्यांनी विचारलं. अधिष्ठात्यांनी फाइल उघडून बघितली आणि सांगितलं, एक्कावन्न. “मग यांच्या वतीनं फोन करणारे बंधू कोण लागतात?” त्या म्हणाल्या. “भाऊ लागतात ते कळलं. कायद्यानं कोण लागतात?”

अधिष्ठात्यांनी फाइल पुन्हा मिटली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

मला माझ्या भावानं वाचवलं नाही, एका परक्या बाईनं वाचवलं, आणि भावापासून वाचवलं. मी तुला लिहिलं ते तुला कळावं म्हणून. माझी बोलणी करायला नव्हे. तू सार्वभौमाला फोन केलास, माझं प्रकरण त्याच्या हवाली केलंस, आणि नंतर मला लिहिलंस की काळजी करू नकोस. रोज मी खिडकीत बसून दुसऱ्यांच्या भावांना गप्प करते. माझा भाऊ त्याच वेळी तिकडे माझ्या नावानं ‘हो’ म्हणत होता.

‘माझ्या पद्धतीनं बघीन’ म्हणाला होतास. ही तुझी पद्धत. ते नवऱ्याबद्दल बोलले ते तरी फोनवर काढलंस का? मला नाही वाटत.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल.

बेबी

१४ मार्च

बेबी,

तुझ्या पत्रातली भाषा मी आजवर संपावरच्या माणसांकडूनही ऐकली नाही. तरी मी मोठा आहे, म्हणून उत्तर देतो.

मी चोरी केलेली नाही. एका अडेल माणसाला मी विनंती केली, तीही हात जोडून. मला त्याच्याशी बोलायची हौस नव्हती. वसतिगृहात मी त्याच्याशी कधी फारसं बोललो नाही. तुझ्यासाठी बोललो. नवऱ्याबद्दलचं काढलं नाही, हे खरं. बोलणी चालू असताना जुने शब्द उकरायचे नसतात, एवढं मला कळतं.

वडील गेले तेव्हा तू शाळेत होतीस. तुझ्या मुख्याध्यापिकांशी कोण बोललं? त्या कचेरीत तुला चिकटवायला साहेबांच्या घरी कोण गेलं? तो स्थळवाला माणूस दारात येऊन बसायचा, त्याला ‘मुलीला लग्न करायचं नाही’ हे कुणी सांगितलं? तेव्हा तू एकदाही म्हणाली नाहीस की दादा, माझ्या वतीनं बोलू नकोस. गप्प होतीस. मी समजलो, तुला चालतं आहे. आता अचानक चालेनासं झालं, तर ते मला कसं कळावं? विद्यापीठात जाऊन तुला भावाविरुद्ध बोलायला शिकवतात, असं असेल तर पश्चिमेचे राजकीय विचार पश्चिमेलाच राहू देत.

मला फार लागलं आहे. तुझ्या वहिनीलाही वाईट वाटलं. तिचंही मत माझ्यासारखंच आहे, की तू जरा अतीच केलंस.

दादा

१६ मार्च

वन्सं,

नमस्कार. हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, कारण आजवर तुम्हाला माझा नमस्कार यांच्याच अक्षरात पोचला. आज मी स्वतः लिहिते आहे.

यांनी तुमचं पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. डिंक लावायचा होता. मी कधी कुणाचं पत्र वाचत नाही, पण शेवटच्या ओळीत माझाच उल्लेख दिसला, म्हणून वाचलं. मला वाईट वाटलं म्हणे. तुम्ही अती केलंत असं माझं मत आहे म्हणे. तुमची आधीची पत्रं यांनी मला दाखवली नव्हती. ‘बेबीचं विद्यापीठात काहीतरी बिनसलंय, मी मिटवलंय,’ एवढंच मला ठाऊक.

पाकीट घेऊन मी परत घरात आले. हे जेवायला बसले होते. मी विचारलं, “माझं मत काय आहे?”

“कशाबद्दल?”

“वन्संबद्दल. तुम्ही लिहिलंय ना, तेच विचारते. मला माहीत करून घ्यायचंय.”

तर म्हणाले, “तुझं काय वेगळं असणार?”

वन्सं, हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. अगदी सहज म्हणाले, वाटीत आमटी वाढून घेता घेता.

तुम्हाला माहीत असेल की मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं हवामान खात्यात होते. वेधशाळेत तापमान, वारा, हवेतला दमटपणा यांची निरीक्षणं घ्यायचं काम. मला बढती मिळत होती, दुसऱ्या गावी वेधशाळेची प्रमुख म्हणून. मी दोन दिवस विचार करायला मागितले होते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मैत्रीण म्हणाली, “तू नाही म्हणालीस ते ऐकून वाईट वाटलं गं.” हे परस्पर साहेबांना भेटून आले होते. मी विचारलं तर म्हणाले, “तू नाहीच म्हणणार होतीस. मी तुझा त्रास वाचवला.” मी खरंच नाही म्हटलं असतं का हो म्हटलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. मला ते ठरवायला मिळालंच नाही. तेवढा राग माझ्या पोटात राहिला. यांना त्याचा पत्ता नाही, कारण मी गप्प होते, आणि यांच्या हिशेबात गप्प म्हणजे काय, ते यांनी तुम्हाला लिहिलंच आहे.

माणूस वाईट नाही. आजारपणात माझं सगळं करतात. पण माझ्या तोंडात शब्द घालायचा हक्क त्यानं मिळत नाही.

आता माझं मत. ते मी देणार नाही, कारण मी तुमचं प्रकरण वाचलेलं नाही. मला पाठवा. वाचून, पटेल ते पटलं आणि नाही ते नाही, असं कळवीन. यांचं पत्र यासोबतच टाकते आहे, अडवून ठेवलं नाही. माझी तेवढी ओळ मात्र खोडली आहे.

तुमची वहिनी

१० एप्रिल

वहिनी,

तुझं पहिलं पत्र मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतरच्या दोन जोडप्यांना ‘स्वतःच्या इच्छेनं ना?’ हा प्रश्न मी दोन-दोनदा विचारला. मी पाठवलेलं प्रकरण वाचून तू लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा मात्र राग आला. तिसऱ्या प्रकरणातली शेवटची पानं ‘नुसती आरडाओरड’ आहेत, असं तू लिहिलंस. त्या बायकांनी काय मागितलं ते बाजूला राहिलं आणि तुम्ही विभागप्रमुखांशीच भांडत बसलात, असंही लिहिलंस. दोन दिवस मी फणफणत होते. मग वाचून बघितलं. तू म्हणतेस ते खरं होतं. ती पानं काढली. सार्वभौमांनी सांगितलं तेव्हा एक ओळ हलवली नव्हती, तुझ्या सांगण्यावरून चार पानं काढली, कारण तू वाचून सांगितलंस.

दुसरी बैठक मार्चअखेर झाली. यावेळी मी पहिलंच वाक्य हे बोलले की माझ्या वतीनं बोलायचा अधिकार मी कुणालाही दिलेला नाही, भावालाही नाही. मग मुद्दे मांडले. कायद्याच्या बाईंचं म्हणणं पडलं की प्रबंध बरा की वाईट ते परीक्षक ठरवतील, विभागाचं काम तो पुढे पाठवणं.

सार्वभौम म्हणाले, “पाठवा. पण या असल्या लिखाणावर माझ्या विभागातल्या कुणाचीही सही असणार नाही.” मार्गदर्शकाची सही नसेल तर प्रबंध जात नाही. म्हणजे फिरून आम्ही तिथेच.

तेव्हा आमच्या बाई उठल्या. त्यांना मी आजवर त्या माणसासमोर ‘हो सर’ सोडून काही बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, “मार्गदर्शक मी आहे. मी सही करते.” आणि तिथेच पेन मागून केली. पेन सार्वभौमांच्याच पुढ्यात होतं, ते त्यांना द्यावं लागलं.

मी आनंदानं घरी आले आणि आठवड्याभरात कळलं की पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात बाईंचं नाव नाही. कारण विचारलं तर, “संख्या कमी आहे.” वर्गात बसायला जागा नसते, वहिनी, मी स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसून तास ऐकले आहेत. मला त्या माणसाचा इतका संताप आला आहे की तो मला लिहिता येत नाही. बाई म्हणतात, “तुम्ही अभ्यास करा.”

तोंडी परीक्षा जूनअखेर, सगळ्यांना खुली. तू ये. दादाचं मला माहीत नाही.

तुझी
बेबी

५ जुलै

बेबी,

मला बोलावलं नव्हतंस. तुझ्या वहिनीला बोलावलं होतंस. मी सामान उचलायला आलो आणि मागच्या बाकावर बसलो. तू आमच्याकडे एकदा बघितलंस आणि परत बघितलं नाहीस, ते मी पाहिलं. नंतर गाडीची वेळ झाली, म्हणून नीट बोलणं झालं नाही. फोनवर मला हे सांगता येणार नाही.

तुमच्या विभागप्रमुखांनी दहा मिनिटांत उठून जाणं हा उद्धटपणा होता. दरवाजासुद्धा ओढून घेतला नाही. वसतिगृहातही असाच होता. त्याला मी मनाचा बरा म्हटलं होतं, ते मागे घेतो.

बाहेरून आलेले ते म्हातारे परीक्षक तुला मोठ्या ग्रंथकारांवर विचारत होते, तोवर तू छान बोलत होतीस. मला निम्मं कळलं नाही, पण बोलणाऱ्याची पकड मला कळते. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, “तुमच्या या बायका संसदेला म्हणतात, आम्हाला विचारा. त्यांच्या घरी मोलकरणी असतील. त्यांना या बायकांनी कधी विचारलं होतं का?”

तू गप्प झालीस. बेबी, मला ते सहन होईना. मी बाकावरून उठायला लागलो होतो. काय बोलणार होतो, देव जाणे. विषयातलं मला एक अक्षर येत नाही. तरी काहीतरी बोलून मी ती शांतता मोडणार होतो, म्हणजे तुझी अडचण होणार नाही. अर्धा उठलो आणि तुझ्याकडे बघितलं. तू घाबरलेली नव्हतीस. तू विचार करत होतीस. तो फरक मला आजवर दिसला नव्हता. मी खाली बसलो. तुझ्या वहिनीनं बघितलं सगळं.

आणि मग तू म्हणालीस, “हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नाही. मला सुचला नाही. सुचायला हवा होता.”

आयुष्यभर टेबलाच्या एका बाजूला बसलो. समोरच्यानं प्रश्न केला आणि आमच्या बाजूनं कुणी असं म्हणालं, असं कधी झालं नाही. मी म्हणू दिलंच नसतं. म्हातारा मात्र खूश झाला. मान हलवून त्यानं ते लिहून घेतलं.

एवढं असून दुसरा वर्ग. हे मला अजिबात पटलेलं नाही. खुशीत मान हलवायची आणि गुण देताना हात आखडायचा, ही कुठली रीत? विद्यापीठात फेरतपासणीची सोय असते, मी चौकशी केली आहे. चौकशीच केली आहे, अर्ज केलेला नाही. दुसरं म्हणजे त्या तुझ्या मार्गदर्शक बाई. त्यांना काढलं तो सरळसरळ सूड आहे. कंत्राटी माणसाला असं काढता येत नाही, निदान खरं कारण द्यावं लागतं. या बाबतीतलं मला कळतं, माझा जन्म त्यात गेला. कुलगुरूंना एक कडक पत्र मी लिहू शकतो, असं की उत्तर द्यावंच लागेल.

दोन्ही पत्रं लिहू का? विचारतो आहे. तुझ्या वहिनीचं मत काय, म्हणून तिलाही विचारलं. ती म्हणाली, “बेबीला विचारा.”

दादा

१२ जुलै

दादा,

नमस्कार.

तू अर्धा उठलास ते मला दिसलं होतं. खाली बसलास तेही दिसलं. त्यानंतरच मला बोलता आलं.

दुसऱ्या वर्गाबद्दल लिहू नकोस. म्हाताऱ्यानं योग्य केलं. मोलकरणींबद्दल आता वाचायला घेतलं आहे.

बाईंबद्दलचं पत्र मला लिहावंसं वाटतं आहे, फार कडक लिहावंसं वाटतं आहे, आणि तुझ्याइतकं ते कुणाला जमणार नाही. पण नोकरी त्यांची आहे. त्यांचा पत्ता खाली देते. आधी त्यांना विचार.

बेबी